डोळे झाकले, पण कान उघडेच

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी आठची. थोरल्याला सुट्टीत घरी टीव्हीवर भुताचा सिनेमा लावायचाय. त्यावर ‘यूए १३+’ लिहिलंय. मागच्या वेळी धाकटी भीतीच्या जागी उशीत तोंड खुपसून बसली होती, तरी पुढे आठवडाभर बाथरूमला एकटी जाईना. या वेळी तिला बसू द्यावं का?

उत्तर : या सिनेमाला नको. ‘यूए १३+’ म्हणजे तेराच्या आतल्या मुलाने पाहावं की नाही, हे पालकांनी ठरवायचं. थिएटरच्या दारात अठराखालच्यांना अडवतात ते ‘ए’ला. ‘यूए’चे ७+, १३+, १६+ असे भाग ओटीटीला २०२१ पासून आणि थिएटरला २०२४ च्या नियमांनी आले, पण भीती कोणत्या जातीची आहे हे आकड्यावरून कळत नाही. आपण मोठी माणसं रक्त किती आहे ते बघतो. लहान मुलीला त्याहून जास्त छळतं ते ओळखीचं माणूस पालटणं : आईचाच आवाज घोगरा झाला, डोळे पांढरे झाले. आणि हे घडतं घरातच, आरशासमोर, पलंगाखाली, न्हाणीघरात. सिनेमा संपतो, न्हाणीघर घरातच राहतं.

उशीने डोळे झाकले जातात, कान नाही. दचकवण्याचं बरंचसं काम आवाजच करतो. आधी पार्श्वसंगीत काढून घेतात, संवाद कुजबुजीवर आणतात. ते ऐकू येत नाहीत म्हणून आपण आवाज वाढवतो आणि नेमका त्याच क्षणी दणका बसतो. टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘नाइट मोड’ असेल तर तो लावा. मोठे आवाज दबतात, लहान वर येतात. नसेल तर आवाज कमीच ठेवून सबटायटल लावा. दिवा चालू, वेळ दुपारची. थोरल्यासाठीही हे करा, चौदाव्या वर्षीही झोप उडते.

सिनेमा आधी तुम्ही पाहा. सगळा वेळ नसेल तर नावं पडण्यापूर्वीचा प्रसंग आणि शेवटची दहा मिनिटं तरी बघाच. पहिला मृत्यू बरेचदा सुरुवातीलाच असतो, आणि सगळं निवळल्यावर शेवटचा धक्का ठेवलेला असतो. मूल झोपायला जाताना तोच घेऊन जातं.

तरीही ती घाबरलीच तर? मुलांच्या पडद्यावरच्या भीतीचा अभ्यास अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोअन कँटर यांनी अनेक वर्षं केला. साधारण सातच्या आतल्या मुलांना ‘हे खोटं असतं’ हे सांगून धीर येत नाही. जवळ घेणं, पाणी देणं, दिवा लावणं याने येतो. त्याहून मोठ्या मुलांना समजावणं लागू पडतं. तुमची मुलगी उंबरठ्यावर आहे, म्हणून आधी कुशीत घ्या, मग समजवा. थोरल्याला हसू देऊ नका. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोपमोड चालू राहिली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : सिनेमातलं रक्त कसं बनवतात, हे मुलांना करून दाखवता येईल का?

उत्तर : जरूर दाखवा. एक वाटी लिक्विड ग्लुकोज, पाव वाटी पाणी, एक चमचा खाण्याचा लाल रंग, दोन थेंब निळा, अर्धा चमचा कोको. नुसता लाल रंग सरबतासारखा पारदर्शक दिसतो, कोकोने तो गढूळ होतो. गुलाबी वाटलं तर निळा एकेक थेंबच वाढवा, जास्त झाला की जांभळं होतं. कृष्णधवल ‘सायको’त (१९६०) तर चॉकलेट सिरपच वापरलं होतं. जुने कपडे घाला आणि फरशीवर वर्तमानपत्र पसरा. डाग निघत नाही.