आधी चूल फोड

नाशिक

प्रिय,

कर आणि सरकारी योजनांमधून कोणत्या घराला किती मिळतं ते मोजणारं तुझं मॉडेल चाललं, आनंद आहे. निकालाचा तक्ता मात्र मी तूर्त बाजूला ठेवलाय. आधी सांग, 'कुटुंब' तू कशाला म्हटलंस?

तू वापरलेल्या 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत 2,61,746 कुटुंबं आहेत. तिथं कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. प्राप्तिकराला चुलीशी देणंघेणं नाही, तो एकेकट्या माणसाला लागतो. पीएम-किसान नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं धरते. लाडकी बहीणचं कुटुंब नवरा, बायको आणि अविवाहित मुलांपर्यंत जातं.

निफाडकडचं एक घर धर. आजी 63 वर्षांची, विधवा. सातबारा तिच्या नावावर. थोरला द्राक्षबाग बघतो. यंदा अवकाळीनं झोडपलं, हाती जेमतेम दोन लाख. धाकटा सातपूरला कारखान्यात, पगार वर्षाला 9 लाख. दोघांची लग्नं झालेली, चूल एकच. तुझ्या कोडनं सगळ्यांचं उत्पन्न एकत्र केलं, लाडकी बहीणची अडीच लाखांची मर्यादा ओलांडली आणि घरातल्या तिन्ही बायकांना शून्य.

आता नियमाप्रमाणे घर फोड. आजीला पीएम-किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला 12,000. ते मिळतात म्हणून लाडकी बहीणचे दरमहा 1,500 नव्हेत, फरकाचे 500. एकूण 18,000. थोरल्या सुनेचे पूर्ण 18,000. धाकटीला काही नाही. धाकट्यालाही नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत कर नाही. म्हणजे लाडकी बहीणचे शून्याच्या जागी 24,000, आणि शेतीचे 12,000 धरून घराला 36,000. आणि सातबारा थोरल्याच्या नावावर असता तर 48,000! बाग तीच, माणसं तीच. (आमच्याकडे वाटणीवरून भांडणं होतात ती उगाच नाहीत.)

अशा मॉडेलांची कल्पना मांडणाऱ्या गाय ऑर्कट या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं 1957 मध्ये हाच आग्रह धरला होता: देशाच्या बेरजांपासून नको, निर्णय घेणाऱ्या एककापासून, म्हणजे माणसापासून, घरापासून सुरुवात करा. युरोमॉड या युरोपीय देशांच्या कर-लाभ मॉडेलमध्ये प्रत्येक धोरणासाठी एकक वेगळं ठरवता येतं, ते त्यासाठीच.

दोन किरकोळ गोष्टी. त्या पाहणीत खर्च आहे, उत्पन्न नाही. तू उत्पन्नाचा अंदाज कसा बांधलास ते टिपणात लिही. आणि तुझा आकडा हक्क किती याचा आहे, हातात किती पडलं याचा नव्हे. ई-केवायसीत अडकलेली बाई त्यात दिसत नाही.

अजून एक. आजी दोन वर्षांत पासष्ट पूर्ण करेल आणि लाडकी बहीणमधून बाहेर पडेल. तुझ्या स्थिर मॉडेलमध्ये ती 2030 सालीही 63 चीच आहे. पाच वर्षांचा खर्च काढलायस ना? तो पुन्हा काढ.

तुझा,
सर