बॅटरी बारा व्होल्टची, कॅमेरा पाचचा

प्रश्न : ताई, सांगोल्याजवळ आमची डाळिंबाची बाग आहे. विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली, तेव्हापासून तिथं कॅमेरा लावायचं मनात आहे. शेतीपंपाची लाईट कधी दिवसा, कधी रात्री, भरवसा नाही. म्हणून खोलीवरच्या सोलरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालवावा म्हणतो. कॅमेऱ्याच्या अडॅप्टरवर ‘५ व्होल्ट, २ अँपिअर’ लिहिलंय. खोलीपासून विहीर ३० मीटर. एक ओळखीचे म्हणाले, मध्ये रेझिस्टर टाक, भागेल. टाकू का?

उत्तर : नका टाकू. कॅमेरा हमखास जळेल.

रेझिस्टर किती व्होल्ट खाणार, हे त्यातून किती करंट जातो यावर ठरतं, आणि कॅमेऱ्याचा करंट दिवसरात्र सारखा नसतो. समजा, रात्री इन्फ्रारेड दिवे लागल्यावर तो ०.८ अँपिअर ओढतो. ७ व्होल्ट कमी करायचे म्हणून तुम्ही साधारण ९ ओहमचा रेझिस्टर बसवलात. रात्र निभावली. उजाडलं, दिवे विझले, करंट ०.३ वर आला, की तोच रेझिस्टर जेमतेम पावणेतीन व्होल्ट खाईल आणि कॅमेऱ्यावर नऊच्या वर जातील. त्यात ‘१२ व्होल्ट’ बॅटरी कडक उन्हात चार्ज होताना १४.४ पर्यंत चढते, ते वेगळंच.

इथं लागतो स्टेप-डाऊन कन्व्हर्टर, म्हणजे जास्त व्होल्टचे कमी करून देणारं छोटं यंत्र. बॅटरी वरखाली झाली, करंट कमीजास्त झाला, तरी तो पाच व्होल्ट धरून ठेवतो. बाजारात एलएम २५९६ या चिपवरचं उघडं मॉड्यूल स्वस्तात मिळतं. त्यावर निळ्या डबीला पितळी स्क्रू असतो, तो फिरवून व्होल्टेज ठरवायचं. नवीन मॉड्यूल बऱ्याचदा बॅटरीइतकंच व्होल्टेज बाहेर देतं आणि स्क्रूचे बरेच वेढे झाल्याशिवाय मल्टीमीटरचा (व्होल्ट मोजायच्या मीटरचा) आकडा हलतही नाही. म्हणून आधी मीटरवर ५.१ करा, स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका आणि मगच कॅमेरा जोडा. पण विहिरीवर पाऊस, धूळ, मुंग्या. तिथं मी तुम्हाला काळ्या इपॉक्सीत (घट्ट होणाऱ्या राळेत) बंद केलेला, ‘१२ ते ५ व्होल्ट, ३ अँपिअर’ असा ठराविक व्होल्टेजचाच घ्या म्हणेन. फिरवायला काही नाही, चुकायला काही नाही. ३ अँपिअरला घाबरू नका, कॅमेरा लागेल तेवढाच करंट ओढतो.

आता कन्व्हर्टर कुठं बसवायचा? बहुतेकांची वाट इथंच चुकते. सोयीचं म्हणून तो खोलीतच बसवतात आणि पुढं पाच व्होल्ट नेतात. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतलीत तरी ३० मीटर जाऊन-येऊन ६० मीटर होते, तिचा विरोध एक ओहमच्या थोडा वर. रात्रीच्या ०.८ अँपिअरला त्यात पाऊण-एक व्होल्ट जातो. कॅमेऱ्याला चारच्या आसपास मिळतात, आणि तो नेमका अंधारात बंद-चालू होत राहतो. दिवसा सगळं छान, म्हणून दोष कॅमेऱ्याचा वाटतो. त्यामुळं विहिरीपर्यंत बाराच न्या आणि कन्व्हर्टर कॅमेऱ्यापाशी, झाकणाच्या डबीत ठेवा. बारावर करंट निम्म्याहून कमी लागतो आणि वाटेत अर्धा व्होल्ट गेला तरी कन्व्हर्टर सांभाळून घेतो.

वायर थेट बॅटरीला न जोडता सोलर चार्ज कंट्रोलरच्या (पॅनेल आणि बॅटरीच्या मधल्या डबीच्या) ‘लोड’ टर्मिनलला जोडा, म्हणजे बॅटरी फार उतरली तर तो स्वतःच तोडेल. प्लसच्या वायरीत, कंट्रोलरजवळच, २ अँपिअरचा फ्यूज हवा. उंदरानं वायर कुरतडून शॉर्ट झाली तर तोच आग टाळेल. प्लस-मायनस मीटरनं तपासा; वायरीच्या रंगावर विसंबू नका.

सगळं जोडल्यावर अंधार पडू द्या, इन्फ्रारेड चालू झाल्यावर कन्व्हर्टरच्या आउटपुटवर मीटर लावा. ४.८ ते ५.२ मध्ये आकडा असेल तर डबी बंद करायला हरकत नाही. कमी असेल तर आधी जोड घट्ट करा, मग कन्व्हर्टरकडे येणारे व्होल्ट मोजून मला कळवा.