नैराश्यात योग सुरू करताय? आधी एवढंच करा

गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. योग त्यांच्या जोडीला आहे, बदली म्हणून नाही.

सकाळी अंथरुणातून उठवतच नाही ना? मग तासाभराचा बेत कशाला? खिडकीपाशी चटई कायमची पसरून ठेवा आणि १० मिनिटं द्या:

- ताडासन (ताठ उभं राहणं), हात वर नेताना श्वास आत
- सूर्यनमस्कार दोन-तीन, सावकाश
- शेवटी थोडी भ्रामरी (श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं)

नवशिके हमखास फसतात ते शवासनात. डोळे मिटून बराच वेळ पडलं की डोक्यात तेच तेच दळण सुरू होतं. सध्या दोनच मिनिटं, तीही डोळे उघडे ठेवून. कपालभाती-भस्त्रिका हे जोरात श्वास घेण्या-सोडण्याचे प्रकार नंतर बघू. एखादा दिवस बुडाला तर बुडू दे.

जीव नकोसा वाटला, तर मात्र आसनं राहू द्या आणि १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरवर फोन लावा. २४ तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं.