उबुंटूवर पायटेसरॅक्ट बसवलं, तरी मराठी-कन्नड कागद वाचत नाही. काय चुकतंय?

म्हणजे झालंय ते असं: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या घरातले जमिनीचे जुने छापील कागद तुम्ही स्कॅन केलेत आणि त्यातला मजकूर काढायला उबुंटू २४.०४ वर पिपनं (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) पायटेसरॅक्ट घ्यायला गेलात. 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' म्हणून त्यानं अडवलं, तर 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' लावून रेटलंत. आता 'टेसरॅक्ट नॉट फाउंड' येतंय.

ते खरंच नाहीय हो तुमच्या मशीनवर. पायटेसरॅक्ट हा नुसता निरोप्या: फोटो टेसरॅक्टकडं नेतो, वाचलेला मजकूर पायथनला आणून देतो. वाचणारा गडी वेगळा. तो सी प्लस प्लसमधला, वयानं पायथनपेक्षा मोठा (ह्युलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ला काम सुरू, २००५ ला कोड खुला), आणि तो ॲप्टनं (उबुंटूचं स्वतःचं सॉफ्टवेअर बसवणारं साधन) बोलवावा लागतो. सुडो ॲप्ट इन्स्टॉल करून टेसरॅक्ट-ओसीआर घ्या. पण त्याच्यासोबत एकटी इंग्रजी येते, म्हणून त्याच नावापुढं डॅश एमएआर आणि डॅश केएएन लावलेली दोन पॅकेजंही घ्या. मग 'टेसरॅक्ट डॅश-डॅश-लिस्ट-लँग्ज' चालवा. यादीत दोन्ही दिसल्याशिवाय पायथनकडं वळू नका.

कन्नड कशाला, असं वाटेल. आमच्याच दप्तरात बघा, १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरकडं गेला, तिथपर्यंतचे कागद मराठी, पुढचे कन्नड. एकाच पानावर दोन्ही लिपी असतील तर पायटेसरॅक्टला भाषा सांगायच्या 'लँग'च्या जागी एमएआर, अधिकचं चिन्ह, केएएन असं द्या. नुसतं मराठी पान असेल तर एकच भाषा द्या. दोन्ही दिल्या की वेळ जास्त लागतो आणि मधेच एखादं कन्नड अक्षर घुसतंय.

आता तो अडवण्याचा प्रकार. उबुंटूची स्वतःची कितीतरी कामं सिस्टिमच्या पायथनवर चालतात, म्हणून तिथं पिपला हात लावू देत नाहीत. रेटून घातलेलं पिप अनइन्स्टॉलनं काढा (तोच ब्रेकवाला पर्याय परत लावावा लागेल). ॲप्टनं पायथन३-व्हेन्व घ्या, कामाच्या फोल्डरात 'पायथन३ डॅश-एम व्हेन्व' आणि पुढं एक नाव देऊन वेगळं एन्व्हायर्नमेंट (व्हेन्व, म्हणजे सिस्टिमपासून अलग ठेवलेलं पायथन) करा, त्यातली बिन/ॲक्टिव्हेट फाइल सोर्स करा. टर्मिनलच्या ओळीआधी कंसात ते नाव दिसलं की मगच पायटेसरॅक्ट आणि पिलो (पायथनमध्ये फोटो उघडणारं पॅकेज) पिपनं घ्या.

एक शहाणपणा मी केलेला, तुम्ही करू नका. सगळं चालू झाल्यावर फोल्डरचं नाव 'टेस्ट' बरं दिसत नाही म्हणून 'उतारे' केलं. लगेच पिप 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून बसलं आणि माझा अर्धा रविवार गेला. व्हेन्वमधल्या पिपच्या पहिल्याच ओळीत जुन्या फोल्डरचा अख्खा पत्ता लिहिलेला असतोय. दुरुस्त करत बसायचं नाही. व्हेन्व उडवायचं, नवं करायचं, दोन मिनिटांचं काम. कोड लिहायला व्हीएस कोड हा एडिटर वापरत असाल तर त्यातही 'सिलेक्ट इंटरप्रिटर'मधून हाच व्हेन्व निवडा, नाहीतर टर्मिनलात चालतंय आणि बटण दाबलं की मॉड्यूल सापडत नाही.

स्कॅन ३०० डीपीआयचा हवा. ट्यूबलाइटखाली मोबाइलनं काढलेल्या फोटोत आपल्याच हाताची सावली पडते आणि तेवढ्या ओळी हमखास जातात. एवढं करूनही 'घर'चं 'धर' होतंय, ते चालेल. एकर-गुंठ्यांचे आकडे मात्र मूळ कागद शेजारी ठेवून एकेक बघा, तिथं या गड्यावर मी विश्वास टाकत नाही. आणि गठ्ठ्यात हाती लिहिलेले मोडी कागद निघाले तर ते बाजूला काढून ठेवा. टेसरॅक्टचं मराठी पॅकेज त्यांना लागू नाही, मोडी येणारा माणूसच गाठावा लागेल.