पोस्टर राहू द्या, अळ्यांची बाटली न्या

ताई, तुम्ही विचारलंय की सहावी-सातवीच्या मुलांसमोर अर्धा तास मिळालाय, डेंग्यूवर काय सांगू आणि पोस्टर कसलं करू. मी इंदूरातच बावीस वर्षं विज्ञान शिकवलं, पोस्टर बघून घरचा कूलर घासणारं पोर काही मला भेटलं नाही. तुम्ही डासांच्या अळ्यांची बाटली न्या.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, त्यामुळे घरोघरी हौद, ड्रम, टाक्या भरलेल्या, पावसाळ्यात अळ्या शोधायला लांब जायला नको. काचेच्या बाटलीत घ्या, तोंडाला मलमलचं फडकं घट्ट बांधा. घट्ट म्हणजे घट्टच हं, माझं रबर एकदा शनिवारी निसटलं आणि सोमवारी वर्गात जे झालं ते विचारू नका.

आधी विचारा डास कुठे होतात, सगळी एका सुरात "नाली में" म्हणणार. मग बाटली दाखवा, पाणी स्वच्छ! नालीत होतो तो बहुतेक क्युलेक्स जातीचा डास, डेंग्यूचा एडीस आपण भरून ठेवलेल्या चांगल्या पाण्यात. २०१७ पासून आपण स्वच्छतेत नंबर एक म्हणून मिरवतो ना, इथेच गंमत आहे.

आता खरा मुद्दा, इथे मोठी माणसंही चुकतात. एडीसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटवते, आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. म्हणजे कूलर नुसता ओतून कोपऱ्यात लावला तर पुढच्या वर्षी पाणी भरलं की अळ्या हजर. घासायलाच पाहिजे, तेही आठवड्यातून एकदा, कारण अंड्यापासून डास व्हायला सात-दहा दिवस पुरतात.

रविवारचा होमवर्क द्या: कूलर, फ्रिजच्या मागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, पक्ष्यांचं सकोरं, गच्चीवरचं टायर, सगळं बघून लिहून आणायचं. पहिल्या वर्षी माझ्याकडे सगळ्यांच्या वहीत "कुछ नहीं मिला"! नंतर कळलं की आयांनीच बजावलेलं, घरची अब्रू जाते म्हणून. मग मी नियम उलटा केला, अळ्या सापडल्या की शाबासकी, तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. एका मुलाला आजीच्या तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीत सापडल्या, आजी ताटली काढू देईना, पठ्ठ्यानं त्यात वाळू भरून टाकली.

मच्छरदाणीचं सांगा पण मलेरियासाठी, तो डास रात्री चावतो. एडीस दिवसा चावतो, म्हणजे मुलं शाळेत असतानाच. म्हणून घरच्या होमवर्कच्या आधी मुलांना घेऊन शाळेचीच गच्ची बघा, टाकीचं झाकण नीट बसतं का ते. प्रिन्सिपलना आवडेलच असं नाही, आमच्या नव्हतं आवडलं. चावी शिपाईकाकांकडे मागा.