गोलकीपर कागदावरून बसला म्हणताय, तर हे वाचा

दादा, तुमची पोस्ट काल रात्री दुकान बंद करताना वाचली आणि घरी जाऊन जेवणात लक्ष लागलं नाही. तालुक्याचं गाव, शाळेच्या ग्राऊंडवर चाळीस पोरं, तुम्ही बिनपगारी कोच, आणि ऐन स्पर्धेच्या सकाळी कागद तपासायच्या टेबलावरनं सांगितलं की गोलकीपरचा जन्मदाखला आणि शाळेचं रजिस्टर जुळत नाही, खेळवता येणार नाही. आता पोराचा बाप गावभर तुम्हालाच बोलतोय आणि तुम्ही विचारताय की कोचिंग सोडून देऊ का. हे सगळं २०१८ ला माझ्याबाबतीत झालंय, फक्त माझा गोलकीपर नव्हता, लेफ्ट विंगर होता.

सराव कसा घ्यायचा, लायसन्स कुठलं करायचं, वॉर्म अप, डायट, ते तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही. मी कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, गडहिंग्लजच्या पलीकडचा. मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, पहाटे साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी पाचनंतर पोरं, मधे दुकान. वीस वर्षं झाली. कागदाचं मला जे कळलंय ते ठेच लागून कळलंय, मी वकील नाही आणि सरकारी माणूस पण नाही, त्यामुळं मी सांगतोय ते तुमच्याकडं एकदा विचारून खात्री करून घ्या, नियम दर दोन-तीन वर्षांनी बदलतात.

आपल्याकडं निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जून असतो हे तुम्हाला सांगायला नको. आई-बापाला तारीख आठवत नाही, शाळा जूनमध्ये सुरू होते, गुरुजी वय बसवायला १ जून टाकतात, आणि मग तीच तारीख आधारवर, तीच बँकेत, तीच सगळीकडं. माझ्या पोराचं असंच. शाळेत १ जून २००२. पण जन्म झाला आईच्या माहेरी, सीमेपलीकडं बेळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात, आणि जन्माची नोंद जिथं जन्म तिथंच होते, तर तिथला दाखला कन्नडमधला आणि त्यावर तारीख १९ नोव्हेंबर २००२. आता बघा, त्या वर्षी शालेय स्पर्धेच्या सतरा वर्षांखालील गटाला १ जानेवारी २००२ किंवा त्यानंतरचा जन्म लागत होता. म्हणजे दोन्हीपैकी कुठलीही तारीख धरा, पोरगं वयात बसत होतं. मला वाटलं मग अडचण काय आहे? इथंच मी चुकलो.

जुलैमध्ये फॉर्म भरताना मला फरक दिसला होता. हे मी आजवर फार लोकांना सांगितलेलं नाही. शाळेतल्या क्लार्कनी सांगितलं चालतंय ओ, दोन्ही तारखा वयात आहेत, कोण बघतंय. तरी मी ऑफिसला गेलो. कुठल्या ते लिहीत नाही, लिहून काही होणार नाही आणि तिथं नंतर चांगली माणसं पण आली. पहिल्यांदा गेलो तर साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा सांगितलं कन्नड आहे, भाषांतर करून आणा. बेळगावात ओळखीच्या वकिलाकडनं भाषांतर करून घेतलं, शिक्का मारून घेतला, तिसऱ्यांदा गेलो तर म्हणाले हे आम्ही बघत नाही, शाळेनं रजिस्टर दुरुस्तीचा प्रस्ताव वर पाठवायला पाहिजे. शाळेत आलो तर हेडसर म्हणाले तोंडी सांगून प्रस्ताव पाठवता येत नाही, त्यांच्याकडनं काहीतरी लेखी आणा. चौथ्यांदा गेलो तर लेखी आम्ही देत नाही, तुम्ही टेन्शन घेऊ नका, त्या दिवशी बघू. प्रत्येक फेरीला एक दिवस दुकान बंद, पावसाळा असल्यामुळं मोटरची कामं कमी होती म्हणून जमलं, नाहीतर उन्हाळ्यात हे शक्यच नव्हतं.

चार फेऱ्या मारल्या, आणि चारही वेळा मी एक ओळ सुद्धा लिहून दिली नाही.

सप्टेंबरमध्ये जिल्हा जिंकलो. जिल्ह्याला कागद कुणी नीट बघितलेच नाहीत. ऑक्टोबरमध्ये विभाग, म्हणजे सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर महापालिकेची टीम, तिथं टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि सांगितलं हा नाही. मी म्हणलं अहो मी चार वेळा येऊन गेलो, तुमच्याच माणसानं सांगितलं त्या दिवशी बघू. ते म्हणाले, अर्ज केला होता का? आवक नंबर सांगा. माझ्याकडं नंबर नव्हता. ज्यानं बघू म्हणलं होतं तो मागच्या खुर्चीवर बसला होता, त्यानं मान वर केली नाही. समोरच्या टीमच्या कोचनं हरकत घेतलेली नव्हती, तो उलट म्हणाला खेळू द्या पोराला, पण टेबल ऐकेना.

मॅच शून्य-शून्य झाली, टायब्रेकरला ४-३ नं हरलो. ते पोरगं पूर्ण मॅच दोरीच्या बाहेर उभं होतं, किट घालून, बूट घालून, नडगीला पॅड लावून, कारण त्याला कपडे बदल म्हणून कुणी सांगितलंच नाही. मी सुद्धा नाही.

तर आता काय करायचं. एक, पोरगं सरावाला आल्या महिन्यात जन्मदाखला बघायचा, मूळ, झेरॉक्स नाही, आणि आधार तर अजिबात नाही, आधारवर शाळेचीच तारीख असती. दाखल्यात पोराचं नाव आहे का ते पण बघा, खूप दाखल्यात नावाची जागा कोरी असते कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. नाव घालायला नोंदणीपासून पंधरा वर्षांची मुदत असते, मधे मुदतवाढी पण दिल्या होत्या, पण तुम्ही मुदतवाढीच्या भरवशावर राहू नका, पोरगं पाचवी-सहावीत असताना करून टाका. आणि शाळेच्या रजिस्टरमधली तारीख बदलायची तर पोरगं शाळेत असेपर्यंतच, शिक्षण विभागाच्या मंजुरीनं. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन बाहेर पडलं की जवळजवळ दार बंद. यात शाळेची तारीख जन्मदाखल्याप्रमाणं करायची असते, उलटं करायला जाऊ नका. जन्मदाखला दुसऱ्या राज्यातला असेल तर भाषांतर आधीच करून ठेवा, आमच्या सीमाभागात हे कायमचं आहे.

आणि दुसरं, ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो: पोच घ्या. काहीही असो, दोन ओळींचा का होईना अर्ज, दोन प्रती, एक त्यांना आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर. शिक्का देत नाहीत म्हणाले तर भांडू नका, सरळ पोस्टात जा आणि स्पीड पोस्टनं पाठवा, ती पावती पण चालते. महिनाभर उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात विचारायचं की माझ्या अमुक नंबरच्या अर्जाचं काय झालं, दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लागतं, तीस दिवसात उत्तर द्यावं लागतं. मी हे त्यानंतर तीन पोरांसाठी केलं आणि तिघांचंही काम झालं, एकाचं तर माहिती अधिकाराचा अर्ज दिल्यावर आठव्या दिवशी. जो माणूस तोंडी बघू म्हणतो तो वाईट असतो असं नाही, त्याला खरंच वाटत असेल की बघू, पण त्या दिवशी तो तिथं नसतो किंवा असून गप्प बसतो. तुमच्या हातात कागद पाहिजे.

काहीजण खाली लिहितील की तारीख ॲडजस्ट करून घ्या, सगळे करतात. करतात, मला माहितीय, बारावीचं पोरगं चौदाच्या गटात खेळवणारे मी बघितलेत. माझं स्पष्ट मत आहे की असला माणूस कोच नव्हे. आणि ते फार पुढं जात पण नाही, फिफा २००९ पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाची एमआरआय करतं, आपल्याकडं पण वरच्या लेव्हलला हाडाच्या टेस्ट होतात. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीतनं वर गेला आणि २०१७ ला भारतात झालेल्या त्या विश्वचषकात खेळला, तिथं १ जानेवारी २००० ची अट होती आणि त्याचा जन्म जुलै २००० चा. खरं पोरगं खऱ्या वयात तिथंपर्यंत जातं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शाळाशाळांत फुटबॉल वाटले, सगळ्या राज्यात एका दिवशी पोरं खेळली, आमच्याकडं पण त्यानंतर गर्दी वाढली, चांगलंच झालं. पण एखाद्या शाळेत बॉलबरोबर पोराची फाईल कशी ठेवायची हे पण कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

फाईलवरनं आठवलं, तुम्ही लिहिलंय ग्राऊंडवर लग्नाचे मांडव पडतात आणि खिळे सापडतात. आमच्याकडं पण तेच, लग्नसराईत दर दोन दिवसांनी मांडव. जुन्या मोठ्या स्पीकरचं मॅग्नेट घ्या, दोरीला बांधा आणि मांडव निघाल्यावर ग्राऊंडभर ओढत फिरवा, पोरांना लावा कामाला, आमच्याकडं एकदा एका सकाळी डबाभर खिळे आणि तारा निघाल्या होत्या. मांडववाल्याशी भांडण नको, मी त्या सगळ्यांना ओळखतो, त्यांच्या जनरेटरचं काम माझ्याकडंच येतं, आता ते स्वतःच फोन करतात की सर उद्या मोकळं होतंय. आणि लाईन मारायला चुन्याची फक्की वापरत असाल तर बंद करा, पोरं पडतात, डोळ्यात जातो, कातडी भाजते. रांगोळीची पांढरी पावडर घ्या, थोडी महाग पडते पण चालतंय.

बाप बोलतोय म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय ते समजू शकतो. तालुक्याच्या गावात कोच म्हणजे घरातलाच माणूस होतो, बारशाला बोलावणं, बहिणीच्या लग्नात पंगत वाढायला, आजा गेला तर खांदा द्यायला, दहावीत पोरगं नापास झालं तर बापाआधी आई आपल्याकडं येती की सर तुम्हीच समजवा. मला हे सगळं आवडतं, खोटं कशाला बोलू. पण मग ज्या दिवशी आपल्या हातनं चुकतं त्या दिवशी पण घरातल्या माणसासारखंच तोंड दाखवावं लागतं, आणि मी ते केलं नाही. मॅचनंतर बारा दिवस मी त्या पोराच्या घरी गेलो नाही. लाज वाटत होती. काय सांगणार होतो, चार वेळा जाऊन एक अर्ज दिला नाही म्हणून? मला वाटलं पोरगं येईल आपोआप सरावाला. ते आलं नाही. सोळा वर्षांचं पोरगं, त्याला वाटलं सरांना पण माझ्यामुळं कमीपणा आला, हे मला खूप नंतर त्याच्या मित्राकडनं कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचा बाप विहिरीवरची पाच एचपीची मोटर घेऊन दुकानात आला. कॉईल पूर्ण जळालेली. तासभर बाकावर बसला, चहा घेतला, उसाचं, पाण्याचं बोलला, पोराचं अवाक्षर काढलं नाही. दोन दिवसांनी येऊन पैसे देऊन मोटर घेऊन गेला. मी घेत नव्हतो पैसे, त्यानं काउंटरवर ठेवले. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणून सांगतो, तुमच्या गोलकीपरचा बाप बोलतोय ना, बोलू दे, अजून नातं आहे.

ते पोरगं आता शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, लग्न झालं, रविवारी कधी खेळतं असं ऐकलंय. माझ्याशी बोलतं, नमस्कार करतं. ग्राऊंडवर मात्र परत आलं नाही.

कोचिंग सोडायचं की नाही ते तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही. पण आज संध्याकाळी सरावाआधी गोलकीपरच्या घरी जा. बाप काय म्हणेल ते ऐकून घ्या, कागदाचं काय राहिलं होतं ते सरळ सांगा, जी चूक तुमची आहे ती तुमची म्हणून सांगा, आणि पोराला गाडीवर बसवून ग्राऊंडवर घेऊन या. पुढच्या वर्षी तो कुठल्या गटात बसतो ते बघा, सतराचा गट संपला तर एकोणीसचा असतो. शाळेच्या रजिस्टरचा अर्ज सोमवारीच टाका. माझ्याकडं तिघांच्या वेळचा अर्जाचा नमुना आहे, मराठीतच आहे, मेसेज करा, फोटो पाठवतो. दुपारी एक ते तीन सोडून कधीही, त्या वेळात मी वार्निशच्या कामात असतो, फोन उचलता येत नाही.