जबाबदारी की दायित्व?

प्रश्न असा आहे: इमारतीला आग लागली, माणसं दगावली आणि चौकशीत निघालं की नकाशा नीट न बघताच मंजूर झाला होता. अशा वेळी 'शासनाची जबाबदारी' लिहायचं की 'शासनाचं दायित्व'? आणि निष्काळजीपणा, हलगर्जीपणा, हयगय यांतलं नेमकं काय?

जबाबदारीत 'जबाब' आहे. जिना पुरेसा रुंद आहे का, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे बघूनच नकाशावर शिक्का मारायचा, ही जबाबदारी. आग लागो न लागो, ती असतेच. दायित्वाच्या मुळाशी 'दा' धातू, म्हणजे देणं. ताळेबंदात मत्तेसमोर दायित्व बसतं ते उगाच नाही. भरपाई कुणी मोजायची हा प्रश्न आला की दायित्व.

पहिली होती म्हणून दुसरं येतंच असं नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला १३ जून १९९७ रोजी आग लागून ५९ जण गेले. उच्च न्यायालयाने भरपाईचा वाटा महापालिकेवर आणि परवाना देणाऱ्या पोलीस यंत्रणेवरही टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये या दोघांना वगळलं. ८५ टक्के चित्रपटगृहाच्या मालकांकडे, १५ टक्के वीज मंडळाकडे. दुष्ट हेतू किंवा अधिकाराचा जाणूनबुजून गैरवापर दिसत नसेल, तर वैधानिक, म्हणजे कायद्याने अधिकार दिलेल्या, यंत्रणेवर असा बोजा टाकता येत नाही, हे त्यामागचं सूत्र. म्हणजे तपासण्याची जबाबदारी होती, दायित्व लागलं नाही. हेच वाक्य दोन्हीकडे 'जबाबदारी' घालून लिहून बघा!

आता दुसरा भाग. मसुद्यात 'निष्काळजीपणा' घ्या. 'हलगर्जीपणा'त चीड मिसळलेली आहे, तो बातमीत शोभतो. 'हयगय' पोलिसी मराठीत अजून ठणठणीत आहे. (आग विझते न विझते तोच 'कुणाचीही गय केली जाणार नाही' हे विधान येतं, ती गय वेगळी.) मात्र त्रुटी दिसत असूनही सही केली असेल, तर यांतला एकही शब्द चालणार नाही. ती 'डोळेझाक', आणि वरचं सूत्र पाहता इथे शब्द बदलला की भरपाईचा निकालही बदलू शकतो.

'निष्काळजी नकाशामंजुरी' असा समास मात्र करू नका, नकाशाच निष्काळजी वाटतो. 'नकाशा मंजूर करताना झालेल्या निष्काळजीपणाबद्दल शासनाचं दायित्व' असं सरळ लिहा.